चौकी क्रमांक २०

आधी कान लावा. डोळ्यांचा इथे उपयोग नाही. स्वतःचा हातसुद्धा दिसणार नाही असा मिट्ट काळोख आहे. खंदकाच्या मातीच्या भिंतीला पाठ टेका. तारीख १५ मे १९१८, मध्यरात्र उलटून गेलेली. जागा फ्रान्समधली, आर्गोनच्या जंगलाच्या कडेची. या जागेला गाव नाही, नाव नाही, नुसता आकडा आहे: चौकी क्रमांक २०. समोर काटेरी तारांचं कुंपण, त्यापुढे दोन फौजांच्या मधली उजाड जमीन, आणि तिच्या पलीकडे जर्मन.

तुम्ही शंभर वर्षांहून जास्त मागे आला आहात. इथे कुणाला हात लावता येणार नाही, कुणाला सावधही करता येणार नाही. तुमचं काम एकच: पाहायचं, आणि पाहिलेलं विसरायचं नाही.

शेजारी दोन पहारेकरी आहेत. एक नीडहॅम रॉबर्ट्स, न्यू जर्सीचा, अजून विशीही न गाठलेला पोरगा. दुसरा हेन्री जॉन्सन. उंचीने सव्वापाच फुटांच्या आसपास, अंगाने सडपातळ, वय पंचविशीच्या घरातलं. जन्म नॉर्थ कॅरोलिनातला, पण पोटापाण्यासाठी उत्तरेला ऑल्बनी शहरात गेला आणि तिथल्या रेल्वे स्टेशनवर हमाल झाला. आपल्याकडे हमालाच्या अंगात लाल सदरा असतो, तिकडे डोक्यावर लाल टोपी असायची. ‘रेडकॅप’ हेच त्या कामाचं नाव. जून १९१७ मध्ये हेन्रीने ती टोपी उतरवली आणि न्यूयॉर्कच्या काळ्या सैनिकांच्या पलटणीत नाव घातलं.

आता त्याच्या डोक्याकडे हात नेलात तर फ्रेंच शिरस्त्राण लागेल. हातातली रायफलही फ्रेंच. अंगावर गणवेष तेवढा अमेरिकेचा. कारण या माणसांना त्यांच्याच देशाने उसनं दिलं आहे. पलटण निघाली तेव्हा न्यूयॉर्कच्या निरोपाच्या संचलनात तिला जागा मिळाली नाही. फ्रान्सला पोहोचल्यावर तिच्या हाती बंदुकीऐवजी फावडी आली. बंदरात जहाजं रिकामी करायची, रस्ते बांधायचे. गोऱ्या अमेरिकी सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून काळ्यांनी लढावं, हे वरिष्ठांना नको होतं. फ्रेंचांना माणसं हवी होती. अमेरिकी सेनापती पर्शिंग यांनी ही पलटण फ्रेंच फौजेच्या हवाली केली. फ्रेंचांनी कातडीचा रंग विचारला नाही. रायफल हातात दिली आणि आघाडी दाखवली.

कट्.

ऐकलंत? पुन्हा: कट्. कुंपणाच्या दिशेने बारीक, कोरडा आवाज. कुणीतरी तारा कापतंय. हेन्रीने ऐकलं आहे. पेटी उघडून त्याने हातबाँब मघाशीच हाताशी रांगेत मांडून ठेवले आहेत. तो रॉबर्ट्सला मागच्या छावणीला खबर द्यायला पिटाळतो आणि आवाजाच्या रोखाने पहिला बाँब फेकतो. काळोख फाटतो. त्या क्षणभराच्या उजेडात तुम्हाला माणसं दिसतात. एक, दोन नव्हे, किमान बाराजण.

रॉबर्ट्स अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. सोबत्याला एकटं सोडायला त्याचं मन धजत नाही. तेवढ्यात बाँबचे तुकडे त्याच्या दंडात आणि कमरेत घुसतात. तो कोसळतो, पण पडल्या पडल्या एकेक बाँब उचलून हेन्रीच्या हातात देत राहतो. बाँब संपतात. हेन्री रायफल उचलतो. डोक्याला गोळी चाटून जाते, ओठ फुटतो, कुशीत लागते, हातात लागते. घाईत तो फ्रेंच रायफलमध्ये अमेरिकी काडतुसं कोंबतो आणि रायफल अडकते. मग ती उलटी धरून तो दस्त्याने हाणायला लागतो, दस्ता फुटेपर्यंत. डोक्यात घाव बसतो. तो खाली जातो.

इथे डोळे मिटू नका. जमिनीवरून हेन्रीला दिसतं की दोन जर्मन रॉबर्ट्सला उचलून नेताहेत. त्याच्या कमरेला एकच हत्यार उरलं आहे: बोलो सुरा. जड पात्याचा, फिलिपाइन्सच्या शेतातल्या कोयत्याचा भाऊबंद. तो घेऊन हेन्री उठतो. पुढची काही मिनिटं माणूस माणसाला भिडतो. रॉबर्ट्स त्यांच्या हातून सुटतो. मागून मदतीचे आवाज येतात, जर्मन पळ काढतात, आणि मग हेन्री जॉन्सन बेशुद्ध होऊन पडतो.

त्याच्या अंगावर २१ जखमा आहेत. डावं पाऊल कायमचं निकामी झालं आहे.

सकाळ झाली. लोक येऊन रक्ताच्या खुणा पाहतात, टाकून दिलेली हत्यारं गोळा करतात. फ्रेंच सरकार दोघांनाही ‘क्रॉ द गेर’ हे शौर्यपदक देतं, हेन्रीच्या पदकावर सोनेरी ताडपान लावून. हा मान मिळालेल्या पहिल्या काही अमेरिकी सैनिकांत ते गणले जातात. वर्तमानपत्रांत नावं झळकतात. पर्शिंग स्वतःच्या खलित्यात या चकमकीची नोंद करतात. तो खलिता लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता चला न्यूयॉर्कला. १७ फेब्रुवारी १९१९. फिफ्थ अॅव्हेन्यूच्या दोन्ही कडांना माणसांची भिंत उभी आहे. समोरून पलटण येते आहे. तिचा क्रमांक आता ३६९. खांद्याला खांदा भिडवून, फ्रेंच पद्धतीने, रस्ता भरून चालणारी सुमारे ३,००० माणसं. १९१ दिवस ही पलटण आघाडीवर होती. इतके दिवस आघाडीवर राहिलेली दुसरी अमेरिकी पलटण नाही. फ्रान्सने संपूर्ण पलटणीला शौर्याचा मान दिला आहे. पुढे जेम्स रीझ युरोपचा बँड वाजतो आहे. आणि त्या उघड्या मोटारीत पाहा: पाय अधू झाल्याने चालू न शकणारा हेन्री, हातात लाल लिलीच्या फुलांचा गुच्छ, लोकांना लवून नमस्कार करणारा. मिरवणूक हार्लेमला पोहोचते तेव्हा बायका रडत असतात, पोरं बापांच्या रांगांमध्ये शिरून त्यांचे हात धरून चालत असतात.

सरकारलाही हेन्री हवा आहे. सैन्यभरतीसाठी आणि युद्धनिधीची तिकिटं विकण्यासाठी त्याचं नाव आणि चेहरा वापरला जातो. जाहिरातीत तो आहे. अमेरिकेच्या पदकांच्या यादीत मात्र तो नाही. एकही पदक नाही.

पुढच्याच महिन्यात, मार्चमध्ये, सेंट लुईसच्या भरल्या सभेत उभे राहा. व्यासपीठावरून हेन्री युद्धाची गोष्ट सांगतो. लोकांना सुरा आणि बाँब ऐकायचे आहेत. तो तेही सांगतो, पण मग गोऱ्या सैनिकांनी काळ्यांना कसं वागवलं, हेही सांगतो. सभागृहातली हवा बदललेली तुम्हाला जाणवेल. त्यानंतर त्याच्यावर अटकेचं वॉरंट निघतं. गुन्हा काय, तर मुदत संपल्यावरही गणवेष घातला. व्याख्यानांची बोलावणी आटतात. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या शहराशहरांत काळ्यांच्या वस्त्यांवर हल्ले होतात. युद्धावरून परतलेले सैनिकही त्यांतून सुटत नाहीत.

इथून पुढे रक्त दिसणार नाही. इथून पुढे सगळं कागदावर घडतं, आणि म्हणून ते जास्त लक्ष देऊन पाहायला हवं.

ऑक्टोबर १९२५. वॉशिंग्टनमधलं आर्मी वॉर कॉलेज. भावी सेनापती इथे शिकतात. टेबलावर टंकलिखित अहवालाचा गठ्ठा आहे. पुढच्या युद्धात काळ्या माणसांचा वापर कसा करावा, हा त्याचा विषय. वाचा. मानवजातीच्या उत्क्रांतीत काळा माणूस मागे राहिला आहे, असं तिथे शास्त्रीय सत्याच्या थाटात लिहिलं आहे. त्याचा मेंदू वजनाला कमी. धैर्यात तो गोऱ्याच्या बराच खाली. आणि अंधारात तर तो निखालस भित्रा.

हे वाक्य पुन्हा वाचा. अंधारात भित्रा. तुम्ही आत्ताच चौकी क्रमांक २० वरून आला आहात. तिथला काळोख तुम्ही पाहिला आहे, त्या काळोखात कोण उभं राहिलं तेही पाहिलं आहे. हेन्री जॉन्सन तेव्हा जिवंत आहे, लंगडत चालतो आहे. हा अहवाल लिहिणाऱ्यांना त्याची गोष्ट ठाऊक नव्हती असं म्हणण्याची सोय नाही. ती देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली होती. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या त्याच नावाच्या मुलाने, जो स्वतः त्या युद्धात लढला होता, पुढे १९२८ च्या आपल्या पुस्तकात सर्वांत शूर अमेरिकी सैनिकांत हेन्रीला बसवलं. माहिती होती. ती अहवालात घेतली नाही, एवढंच. आणि सैन्याने पुढची कित्येक वर्षं धोरण आखलं ते अहवालावरून, वर्तमानपत्रावरून नव्हे.

हा निवाडा मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. ‘नाक’ या अक्षरांनी संपणारी महार शिपायांची नावं त्यांत आजही वाचता येतात. तो स्तंभ इंग्रजांनीच उभारला. आणि त्याच इंग्रजांनी १८९२ मध्ये लढाऊ जातींचा सिद्धान्त पुढे करून महारांची भरती बंद केली. ज्यांच्या शौर्याचा पुरावा सरकारनेच दगडात कोरला, त्यांना सरकारनेच कागदावर लढायला नालायक ठरवलं. गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळ्यांपर्यंत लोक अर्ज लिहीत राहिले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. फ्रान्सचे खंदक आणि भीमेचा काठ यांत हजारो मैलांचं अंतर आहे. कागदावर नाव खोडण्याची रीत मात्र एकच.

१ जुलै १९२९. हेन्री जॉन्सन वारला. वय चाळिशीच्या आतलं. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला पुरलं गेलं. पण ही गोष्ट ऑल्बनीपर्यंत पोहोचली नाही. तिथले लोक कित्येक दशकं समजत राहिले की आपला हेन्री कुठेतरी बेवारशांच्या जागेत, नावाच्या दगडाशिवाय पडला आहे. त्याची कबर आर्लिंग्टनला आहे हे नीट उलगडलं ते २००२ च्या सुमारास. ज्याचं नाव सरकारी इतिहासात नाही, त्याची कबरही हरवते.

मधली वर्षं भराभर पार करा, पण दोन ठिकाणी थांबा. १९९१: पहिल्या महायुद्धातल्या शौर्यासाठी एका काळ्या सैनिकाला, फ्रेडी स्टॉवर्सला, मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळतं. युद्ध संपून ७३ वर्षं झाली आहेत आणि हे त्या युद्धातल्या काळ्या सैनिकाचं पहिलं. १९९७: दुसऱ्या महायुद्धासाठी सात काळ्या सैनिकांना तोच मान मिळतो. ते युद्ध सुरू असताना एकाही काळ्या सैनिकाला तो दिला गेला नव्हता. सातांपैकी तो हाताने घ्यायला जिवंत असतो एकच, व्हर्नन बेकर.

हेन्रीसाठी ऑल्बनीतले लोक झगडत राहिले. त्यांत व्हिएतनामला जाऊन आलेले म्हातारे सैनिक होते, स्थानिक पुढारी होते. १९९६ मध्ये ‘पर्पल हार्ट’ मिळालं, म्हणजे जखमा झाल्या होत्या हे ७८ वर्षांनी मान्य झालं. त्यानंतर काही वर्षांनी ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ मिळाला. सर्वोच्च पदकासाठी मात्र त्या काळातला लेखी पुरावा हवा होता. तेव्हा कागदपत्रांच्या ढिगातून पर्शिंग यांचा तो खलिता हाती आला, मे १९१८ चा. तुम्हाला लक्षात ठेवायला सांगितला होता तोच. पदकाची मुदत केव्हाच संपली होती, म्हणून अमेरिकी संसदेने २०१४ मध्ये खास कायद्याने ती अट शिथिल केली.

२ जून २०१५. व्हाइट हाउसचं सभागृह. राष्ट्राध्यक्ष ओबामा समोर उभे आहेत. आज दोन पदकं द्यायची आहेत. दुसरं विल्यम शेमिनचं. तो ज्यू होता, आणि त्याचं शौर्यही त्याच युद्धातलं, तितकीच वर्षं दुर्लक्षित राहिलेलं. त्याचं पदक घ्यायला त्याच्या मुली आल्या आहेत, स्वतः उतारवयातल्या. हेन्रीचं नाव पुकारलं जातं. पुढे येतो तो न्यूयॉर्कच्या नॅशनल गार्डचा एक सार्जंट मेजर. हेन्रीचं रक्ताचं कुणी सापडलेलं नाही. ९७ वर्षांनी आलेलं पदक घ्यायला घरचा माणूस उरला नाही. उशिराच्या न्यायाचं मोल केवढं असतं, ते या एका दृश्यात दिसतं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

१३ जून २०२३, लुईझियाना. लष्कराचा एक मोठा तळ, १९४१ पासून ‘पोक’ हे नाव असलेला. गुलामगिरी टिकवण्यासाठी देशाविरुद्ध लढलेल्या फौजेतला एक सेनापती लिओनिडास पोक, त्याच्या नावावरून तो ओळखला जायचा. आज पाटी बदलते आहे. नवं नाव: फोर्ट जॉन्सन. स्टेशनवर ओझी वाहणाऱ्या माणसाचं नाव तळाच्या फाटकावर चढतं आहे. ते डोळे भरून पाहून घ्या. फार दिवस राहणार नाही.

मार्च २०२५. आता तुम्ही पडद्यासमोर बसला आहात. विविधता, समता आणि समावेशकतेचा (इंग्रजी आद्याक्षरांत ‘डीईआय’चा) मजकूर संकेतस्थळांवरून काढा, असा आदेश अमेरिकेच्या संरक्षण खात्याने फेब्रुवारीत काढला होता. आता पानं गायब होऊ लागतात. जपानी वंशाच्या सैनिकांच्या ४४२ व्या पलटणीचं पान, नवाहो भाषेतून संदेश पाठवणाऱ्या आदिवासी सैनिकांची पानं. आर्लिंग्टनच्या संकेतस्थळावरून काळ्या, हिस्पॅनिक आणि स्त्री सैनिकांच्या इतिहासाचे दुवे निघतात, हेन्री जिथे पुरलेला आहे त्याच दफनभूमीच्या संकेतस्थळावरून. १ नोव्हेंबर १९६८ ला व्हिएतनाममध्ये तीनदा जखमी होऊनही आपली तोफखान्याची तुकडी सोडून न गेलेले काळे अधिकारी चार्ल्स रॉजर्स, ज्यांना खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ‘मेडल ऑफ ऑनर’ दिलं होतं, त्यांचं पान उघडायला जा. पान मिळत नाही, आणि पत्त्यातल्या ‘मेडल’ या शब्दाच्या आधी ‘डीईआय’ ही तीन अक्षरं चिकटलेली दिसतात. पदक शौर्याचं नव्हतं, रंगाचं होतं, असं ती तीन अक्षरं म्हणतात.

लोक चिडले. रॉजर्स यांचं पान परत आलं, ४४२ व्या पलटणीचं आणि नवाहो सैनिकांचीही आली. पण ओरड झाली म्हणून आली. जून २०२५ मध्ये लुईझियानाच्या तळाचं जुनं नाव परत आणल्याचं जाहीर झालं. या वेळी ते दुसऱ्या महायुद्धात पराक्रम केलेल्या जेम्स पोक या दुसऱ्या सेनापतीच्या नावाने आहे, असं सांगितलं गेलं. त्या सेनापतीशी कुणाचं वैर असायचं कारण नाही. पण फाटकावरून उतरलं ते हेन्रीचं नाव. ९७ वर्षांनी मिळालेलं पदक हिरावता येत नाही. पाटी मात्र दोन वर्षांत हिरावली गेली.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. हेन्री जॉन्सनला त्या रात्री बारा माणसं मारू शकली नाहीत. त्याला पुन्हा पुन्हा संपवलं ते टेबलाशी बसलेल्या माणसांनी, आणि तेही आरडाओरडा न करता: न दिलेलं पदक, न लिहिलेली ओळ, टंकलेला अहवाल, उतरवलेली पाटी, काढून टाकलेलं पान. आणि त्याला परत आणलं तेही कागदानेच, कुणीतरी चिकाटीने शोधून काढलेल्या एका खलित्याने. पराक्रम स्वतःहून टिकत नाही. तो कुणीतरी लिहून ठेवला, जपून ठेवला, आणि कुणी खोडायला आलं तर आडवं पडलं, तरच टिकतो.

शेवटची एक जागा उरली आहे, आणि तिथे पोहोचायला काळात मागे जायची गरज नाही. सातारा, कोकण, पुणे भागातल्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली एक जुनी दगडी पाटी असते. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. त्या पाट्यांवर आकडा आहे. नावं नाहीत.

तुमच्या गावात अशी पाटी असेल तर तिच्यासमोर जाऊन उभे राहा. मग गावठाणात, वाड्यावस्त्यांत, महारवाड्यात, मोहल्ल्यात, जिथे जिथे जुनी माणसं आहेत तिथे विचारा. ट्रंकेच्या तळाशी पदक असेल, पेन्शनचा कागद असेल, आजीला आठवत असलेलं एखादं नाव असेल. ते लिहून घ्या: पूर्ण नाव, वाडी, पलटण, परत आला की नाही. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक शाळेत, आणि एक स्वतःजवळ ठेवा. खोडणारा कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून प्रती एकाहून जास्त असू द्या.